तुझ्या नावाची सतरा वर्षं

९ फेब्रुवारी

ताई,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडताच फेकून देशील, म्हणून पत्ता मावशीकडून लिहून घेतला. आत मात्र मीच आहे. शेपूट. तुझ्या मागे मागे हिंडायची म्हणून तूच ठेवलेलं नाव. आता ते फक्त आईच्या तोंडी उरलंय, तेही ती चिडली की.

सतरा वर्षांत मी तुला लिहिलं नाही. आज लिहितेय, कारण एक गोष्ट दुसऱ्या कुणाकडून तुझ्या कानावर जायला नको. आडवळणं न घेता सांगते.

तू घर सोडलंस त्यानंतर चौथ्या दिवशी बाबांना झटका आला. डावी बाजू गेली. अकराव्या दिवशी तुझ्या नावाने नेमणुकीचं पत्र आलं, इस्पितळातल्या कृत्रिम पायांच्या कार्यशाळेतून. तू ज्या नोकरीसाठी दोन वर्षं शिकलीस, तीच. आईने ते पत्र तीन दिवस आरशामागे खोचून ठेवलं. चौथ्या दिवशी माझ्यापुढे टाकलं नि म्हणाली, "तुझ्या हाताला येतं ना ते काम? मग तू जा. नाव काय, अंगाला चिकटलेलं असतं होय?"

काम हाताला येत होतं, हे खरं. तू शिकत होतीस तेव्हा न्हाणीघरात बसवून माझ्याच पायावर ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळायचीस. साचा कसा घ्यायचा, हाड कुठे टोचतं, मांस कुठे भार सोसतं, हे मी वर्गात नाही, तुझ्या मांडीवर पाय टाकून शिकले. पुढे त्याच वर्गात मीही गेले नि लेखी परीक्षेत दोनदा आपटले. माझ्याकडे हात होते, कागद नव्हता. तुझा कागद कपाटात पडून होता.

तर मी गेले. तुझं प्रमाणपत्र दाखवून, तुझं नाव सांगून, तुझी जन्मतारीख लिहून. तीन महिन्यांपुरतं, असं आई म्हणाली होती. इथे सगळे मला तुझ्या नावाने ओळखतात. दरवर्षी तुझ्या वाढदिवसाला माझ्यापुढे केक येतो नि मी तो कापते.

हे सगळं मी कार्यशाळेच्या साहेबांना सांगणार आहे. त्याआधी तुला सांगायला हवं होतं. मला तुझ्याकडून काही नको. उत्तर दिलं नाहीस तरी मी सांगणारच.

शेपूट

२५ फेब्रुवारी

ताई,

उत्तर येईल असं मी धरलंच नव्हतं. पण पत्र टाकल्यावर लक्षात आलं की आताच का, ते मी सांगितलंच नाही. तू म्हणशील, सतरा वर्षं घोरत होतीस नि आजच कसं उजाडलं?

दीड वर्षापूर्वी आमच्याकडे एक बाई आली. चौकात बेकरी आहे तिची. साखरेच्या आजाराने डावा पाय गुडघ्याखाली गेला. अंगाने भरलेली, आणि आवाज असा की भट्टीतला पाव दचकून आणखी फुगावा. उरलेला पाय ज्या वाटीत बसतो ती वाटीच तिला बसेना. चार वेळा साचा घेतला. चौथ्या खेपेला ती उभी राहिली, दांड्यांना धरून सहा पावलं चालली, परत येऊन खुर्चीत बसली नि माझे प्लास्टरने भरलेले दोन्ही हात धरले. "थांब, आधी आभार मानू दे," म्हणाली. मला वाटलं, माझे. तिने डोळे मिटले नि येशूचे आभार मानले. मग माझ्यासाठी प्रार्थना केली. नाव घेऊन. तुझं नाव घेऊन.

एरवी मला हसू आलं असतं. आपल्या घरात देव लागायचा तो शपथेला नाहीतर शिव्या द्यायला. पण त्या वेळी मनात आलं, ही प्रार्थना तुझ्या पत्त्यावर चाललीय. हात माझे धरलेत नि देव तुझ्या दारात जाऊन उभा राहिलाय. माझ्यासाठी कुणी काही मागितलंच नाही. कोण मागणार? मी इथे आहेच कुठे?

त्यानंतर ती दर आठवड्याला कुठलं तरी निमित्त काढून यायची. एकदा म्हणाली, आमची उपासना वरच्या मजल्यावर असते, बावीस पायऱ्या आहेत, मागून येऊन पाय कसा पडतो ते बघ. मी पाय बघायला गेले. गाडी चालवायला शिकवतात त्या क्लासच्या वरची खोली, खाली रस्त्याच्या खुणांचे तक्ते, वर प्लास्टिकच्या खुर्च्या. उपासना चालवणारा पाळक म्हणजे एक काटकुळा माणूस, आठवडाभर शिलाई मशिनं दुरुस्त करतो. बोटांना तेलाचे डाग तसेच. मी परत निघायला हवं होतं. निघाले नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा गेले, तेव्हा पायऱ्यांचं निमित्तही सांगितलं नाही.

तिथे काय ऐकलं ते सांगू? मी इतकी वर्षं मानत आले की मी कुणीतरी आहे ती काम चांगलं करते तोवर. एक पाय बिघडला की मी संपले. म्हणून मी कधी सुट्टी घेतली नाही, कधी कुणाशी भांडले नाही, कुणाला घरी बोलावलं नाही. लग्नाचं म्हणशील तर दोनदा विचारणा झाली. कागदावर कुठलं नाव लिहू, या भीतीने दोन्ही वेळा नाही म्हटलं. आणि तो मशीनवाला पाळक शांतपणे सांगत होता की माणसाची किंमत त्याच्या हातून काय घडलं यावर ठरत नाही, देवाने त्याच्यासाठी काय दिलं यावर ठरते, आणि देवाने आपला पुत्र दिला. मला ते पटायला वर्ष लागलं. पटलं तेव्हा मी पाण्यात उतरून बाप्तिस्मा घ्यायचं ठरवलं.

ठरलेल्या दिवशी आम्ही पाच जण रांगेत होतो. पाळक वहीत एकेकाचं पूर्ण नाव लिहून घेत होता. माझ्यापुढे एकच माणूस उरला नि मी रांगेतून निघून जिना उतरले. कुणाला काही बोलले नाही.

फुटपाथवर उभी होते, तर मागून पावलं ऐकू आली. जड, मग हलकं. बेकरीवाली बाई बावीस पायऱ्या एकटी उतरून आली होती, कठड्याला धरून. अशा वेळीही माझ्या डोक्यात आलं की टाच किंचित उंच झालीय. ती काही विचारत नव्हती. मीच सांगून टाकलं. तिथेच, येणाऱ्याजाणाऱ्यांत.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मग तुझं नाव काय?"

ताई, सतरा वर्षांत ते मी मोठ्याने उच्चारलं नव्हतं. उच्चारलं, तेव्हा दुसऱ्याच कुणाला हाक मारल्यासारखं वाटलं. बाईने पुन्हा माझे हात धरले. "प्रभू, ही ती," म्हणाली. "मी इतके दिवस चुकीचं नाव सांगत होते. पण तुला ठाऊक होतं."

म्हणून आता.

शेपूट

८ मार्च

ताई,

आधीच्या दोन्ही पत्रांत मी एक गोष्ट गाळली. पहिल्या पत्रात लिहिलंय, तुझा कागद कपाटात पडून होता. पडून नव्हता. तू तो मागितला होतास.

तू गेल्यावर पाच महिन्यांनी तुझं पत्र आलं होतं. तू गेलीस त्या गावी तुला याच कामाची जागा मिळत होती, फक्त मूळ प्रमाणपत्र दाखवायला हवं होतं. पत्र आईला उद्देशून होतं. खाली तू लिहिलं होतंस, शेपटाला सांग, पाकीट नीट चिकटव. उत्तर आईच्या नावाने गेलं, की बाबांनी रागाच्या भरात तुझे सगळे कागद जाळले. ते उत्तर आईने सांगितलं नि मी लिहिलं, असं म्हणता आलं असतं. पण शब्दही माझेच होते. आई म्हणाली होती, हरवलं म्हणून कळव. जाळलं हे मी घातलं, कारण हरवलेल्याचा लोक शोध घेतात. बाबांचा एक हात तेव्हा चमचासुद्धा उचलत नव्हता. त्यांच्या माथी मी हे मारलं, नि तुला आयुष्यभर बापाचा राग दिला. ते गेले तेव्हा तू आली नाहीस. का, ते मला ठाऊक होतं. मी लोकांना सांगितलं, तिला वेळ नाही.

मावशी म्हणते, तू चादरींच्या कारखान्यात शिवणावर आहेस. त्या वर्गात तुझ्यासारखा साचा कुणाचा उतरत नव्हता. तुझ्या हातांचं काम मी केलं, आणि तुझे हात चादरींवर गेले.

हे मी पाळकांना सांगितलं. वाटलं होतं, ते म्हणतील, देवाने क्षमा केली, आता विसरा. ते मशिनमधली दोऱ्याची गुठळी सोडवत होते. म्हणाले, "क्षमा झाकायला नसते, बाई. उघडं करायचं बळ यावं म्हणून असते." मग रविवारी त्यांनी एक गोष्ट सांगितली. माझ्याकडे न बघता, पण मला कळलं. जुन्या काळचा एक धाकटा भाऊ थोरल्याचे कपडे चढवतो, थोरल्यासारखे केसाळ लागावेत म्हणून हातांना बकऱ्याचं कातडं गुंडाळतो, आंधळ्या बापाला थोरल्याचं नाव सांगतो नि त्याचा आशीर्वाद पदरात पाडून पळून जातो. पुढे वीस वर्षांनी देव त्याला गाठतो आणि विचारतो, तुझं नाव काय? देवाला माहीत नव्हतं म्हणून नाही. त्याच्या तोंडून खरं नाव निघावं म्हणून.

मी साहेबांना सांगणार म्हटल्यावर आईने दोन दिवस स्वयंपाकघरात भांडी आपटली. तिसऱ्या दिवशी बोलली. "देवाला कळलंय ना? मग साहेबाला कशाला कळायला हवं? देव काय त्याच्या हाताखाली आहे?" मग म्हणाली, तब्येतीचं कारण सांग, राजीनामा दे, मानाने घरी बस. झाकली मूठ.

मी म्हटलं, "आई, मूठ झाकून झाकून बोटं आखडली."

ती म्हणाली, आणि मी? मला या वयात दारात शिपाई बघायचाय? तिचं भय खोटं नाही. मी तिला सांगितलंय, तुझं नाव मी घेणार नाही. एकवीस वर्षांची होते, कुक्कुलं बाळ नव्हते.

सोबत प्रमाणपत्र पाठवतेय. कडा पिवळ्या झाल्यात, एका कोपऱ्यावर प्लास्टरचा डाग आहे. तुझं आहे. उशीर झाला, हे मला लिहायची गरज नाही.

शेपूट

२२ मार्च

ताई,

सांगितलं.

आमच्या साहेबांना सगळे मोजपट्टी म्हणतात. स्टीलची पट्टी त्यांच्या खिशात कायम. दुसऱ्याच्या टेबलावरचा चहाचा कपसुद्धा ते कडेपासून मोजून सरकवतील. पुढच्या वर्षी ते निवृत्त होणार नि त्यांची खुर्ची मला द्यावी, असं त्यांनी वर लिहून दिलं होतं. हे मला गेल्या महिन्यात कळलं. हेही तुला आधी सांगितलं नव्हतं. त्या आठवड्यात मी ठरवलेलं सगळं बदलायच्या बेतात होते. खुर्ची मिळू दे, मग चांगल्या जागेवरून चांगलं काम करू, मग सांगू. सैतानाला शिंगं असतात असं कोण म्हणतं? माझ्या बाबतीत तो बढतीचा कागद घेऊन आला होता.

मी उभ्याने सगळं सांगितलं. त्यांनी पट्टी टेबलावर ठेवली. "पुन्हा सांगा," म्हणाले. मी पुन्हा सांगितलं.

"मग सतरा वर्षं मी विश्वास कुणावर ठेवला?"

"माझ्यावरच," मी म्हटलं. "नाव तेवढं खोटं होतं."

"तेवढं?" ते म्हणाले.

ते बरोबर होते. 'तेवढं' या शब्दाआड मी इतकी वर्षं राहत आलेय, आणि कबुली द्यायला गेले तेव्हाही तो सोबत घेऊन गेले. मी म्हटलं, "चुकले. तेवढं नव्हे." त्यांनी चाव्या मागितल्या. मी चाव्या दिल्या, एप्रनही घडी करून दिला. त्यांनी तो बाजूला ठेवला, खिडकीबाहेर बघत म्हणाले, चौकशी समिती बसेल, तुम्ही बनवलेला एकूणएक पाय तपासला जाईल. मी म्हटलं, तपासायलाच हवा.

जिना उतरताना मला एक विचित्र गोष्ट जाणवली. आता मला माझ्या नावाने हाक मारली तर मी चटकन वळून बघेन. तुझ्या नावाला मी नेहमी अर्धा क्षण उशिरा वळायचे.

शेपूट

३० एप्रिल

ताई,

मी सध्या बेकरीत आहे. ट्रे धुते, पावांचे साचे घासते. साचा म्हटला की तो माझ्याच वाट्याला यायचा, असं बाई म्हणते नि स्वतःच हसते. गिऱ्हाइकांना तिने सरळ सांगून टाकलंय मी कोण ते. एक दोघं येईनाशी झाली. ती म्हणते, पाव उरला तर आपण खाऊ.

इस्पितळाने माझ्या सगळ्या रुग्णांना एकेक करून बोलावलं. रोज सकाळी मी मनाशी म्हणायची, कुणाला काही झालेलं नसू दे. बहुतेक पाय ठीक निघाले. काहींनी समितीला लिहून दिलं की पाय चांगला आहे, बाई चांगली आहे. एकाने, ज्याला मी एकामागून एक तीन पाय बनवून दिले होते, भर बाजारात मला गाठून विचारलं, मी काय तुमच्या सरावाची वस्तू होतो? मी मान खाली घातली नाही. हो म्हटलं, तुम्हाला खरं कळायला हवं होतं, मी कळू दिलं नाही.

पण एक निघालाच. माझ्या पहिल्या वर्षातला. ग्रंथालयात काम करणारी एक बाई. तिचा पाय मी सव्वा सेंटीमीटर आखूड बनवला होता, टाचेचा कोनही चुकला होता. पुढे पाय बदलले तेव्हा जुन्या मापावरूनच बदलले. सोळा वर्षं ती वाकडी चालली. आता तिचं कंबरेचं हाड झिजलंय.

मी तिच्या घरी गेले. कुणी जा म्हटलं नव्हतं. पाळक म्हणाले, मी येऊ का सोबत? मी नको म्हटलं.

तिने दार उघडलं, ओळखलं, आत घेतलं. मी सांगत असताना ती टेबलावरच्या पुस्तकांच्या कडा सारख्या करत होती. मग म्हणाली, "मला वाटायचं, मलाच चालायला जमत नाही. सगळ्यांना जमतं नि मला नाही. नवऱ्याबरोबर बाहेर जायचं मी त्यामुळे सोडलं."

दाराशी तिच्या चपला होत्या, एकीची टाच पार झिजलेली.

ती म्हणाली, "तुम्ही आता देवाधर्माच्या झालात असं ऐकलं. तुमच्या देवाने तुम्हाला माफही केलं असेल. मला कुणी विचारलं नाही."

"म्हणूनच आले," मी म्हटलं.

तिने माफ केलं नाही, ताई. खोटं कशाला सांगू? तिने एवढंच सांगितलं की शनिवारी तिला नवा पाय बसवणार आहेत, आणि मी तिथे यायचं. हात लावायचा नाही, बोलायचं नाही. बसून बघायचं. मी गेले. जिथे रुग्णांचे नातेवाईक बसतात त्या बाकावर बसले. मोजपट्टी साहेबांनी स्वतः माप घेतलं होतं. ती दांड्यांमधून चालली. पहिल्यांदा सरळ. तिसऱ्या फेरीला ती रडायला लागली, माझ्याकडे बघत. तो आनंद होता की सोळा वर्षांचा राग, मला सांगता येणार नाही. दोन्ही असेल. मी नजर वळवली नाही. तिने बघ म्हटलं होतं.

घरी आल्यावर मी आईला सांगितलं. आईने हातातलं भांडं पुसून फळीवर ठेवलं. मग म्हणाली, "ते पत्र मी आरशामागे राहू द्यायला हवं होतं." सतरा वर्षांत तिच्या तोंडून निघालेली ही पहिली कबुली.

शेपूट

१७ जून

ताई,

तुझं पत्र मिळालं. नऊ ओळी. मी त्या पाठ केल्या आहेत.

तू लिहितेस, या वयात प्रमाणपत्र घेऊन मी काय करू, त्यात पाव गुंडाळू? तू लिहितेस, बाबांचं काय, ते परत कर. आणि शेवटी, माझं नाव वापरून तू देवापर्यंत पोचलीस, आता मला माफ करायला सांगायला तोच तुला पाठवतोय, सोयीचा देव आहे.

पहिल्या दोन्हींना माझ्याकडे उत्तर नाही. बाबा मला परत करता येत नाहीत. एवढंच सांगू शकते, की त्यांनी तुझा एकही कागद जाळला नाही. तुझ्या शाळेतल्या वह्यासुद्धा ठेवल्या होत्या. बोलता यायचं नाही, पण संध्याकाळी रस्त्यावर गाडी थांबली की उजव्या हाताने दाराकडे बोट दाखवायचे. आई म्हणायची, वाऱ्याने दार हललं. मीही तसंच म्हणायची.

तिसऱ्याला मात्र उत्तर आहे. मला कुणी तुझ्याकडे माफी आणायला पाठवलेलं नाही. तू माफ केलंस तरच मी उभी राहीन, असं असतं तर मी कधीच सांगायला धजले नसते. सतरा वर्षं तेच तर होतं. लोक काय म्हणतील त्यावर मी उभी होते. आता मी ज्यावर उभी आहे ते तू रागावलीस म्हणून हलत नाही, आणि तू गोड बोललीस म्हणून वाढतही नाही. म्हणून तू हवं तेवढं रागाव. मी ऐकेन. पळणार नाही.

गेल्या रविवारी माझा बाप्तिस्मा झाला. मी पाळकांना म्हटलं होतं, चौकशी संपू दे, सगळं निस्तरू दे, मग घेते. ते म्हणाले, सगळं निस्तरल्यावरच यायचं असतं, तर या पाण्यात आजवर एकही माणूस उतरला नसता. पोहण्याच्या तलावाची उथळ बाजू होती. पाणी गार. पाळकांनी नाव विचारलं. त्यांना ठाऊक होतं, तरी विचारलं. मी सांगितलं. काठावरच्या कुणीतरी 'ऐकू आलं नाही' म्हटलं. तो आवाज बेकरीवाल्या बाईचा. मी पुन्हा सांगितलं, मोठ्याने. पाण्याखाली गेले नि वर आले. आकाशातून काही ऐकू आलं नाही. कानात पाणी गेलं होतं, तेवढंच. पण मी काठाला आले तेव्हा टॉवेल धरून आई उभी होती. मी तिला बोलावलं नव्हतं. "सर्दी होईल," म्हणाली, आणि माझं नाव घेतलं. शेपूट नव्हे. नाव.

आता एक कामाचं. समितीने मला विचारलं की प्रमाणपत्राच्या खऱ्या मालकिणीची तक्रार आहे का. असली तर प्रकरण पोलिसांकडे जाईल. ते तुला लिहिणार आहेत. तू खरं तेच लिही. माझ्यासाठी एक शब्दही मऊ करू नकोस. तुरुंगात जावं लागलं तर जाईन. भीती वाटते, पण जाईन.

तुझी बहीण

९ जुलै

ताई,

काल समितीने निर्णय दिला. मला कामावरून काढलं, ते अपेक्षितच होतं. या इस्पितळात मला पुन्हा कधी नोकरी मिळणार नाही. मात्र शिकायला बंदी नाही. मी विचारलं, परीक्षेला पुन्हा बसता येईल का, माझ्या नावाने, पहिल्या वर्षापासून? ते एकमेकांकडे बघायला लागले. मोजपट्टी साहेबांनी घसा खाकरला नि म्हणाले, नियमात वयाची अट नाही, मी पाहून ठेवलंय. मी चकित झाले. पाहून कधी ठेवलं असेल? सप्टेंबरात वर्ग सुरू होतात. लेखीची मला अजून धडकी भरते. दोनदा आपटले आहे. तिसऱ्यांदा आपटले तर चौथ्यांदा बसेन. दुपारी बेकरीच्या काउंटरवर पुस्तक उघडून बसते. हाडांची नावं घोकते नि बाई मला चुकीची सांगून गोंधळात पाडते.

मग समितीच्या अध्यक्षांनी तुझं पत्र वाचून दाखवलं. ते असं होतं:

"मला तक्रार नाही असं नाही. तक्रार आहे, मोठी आहे. पण ती घरातली आहे. पोलिसांनी ती ऐकून उपयोग नाही. मी स्वतः येऊन करीन."

अध्यक्षांनी चष्मा काढला नि विचारलं, याचा अर्थ काय घ्यायचा? साहेब म्हणाले, "थोरली बहीण आहे. अर्थ तिला विचारा," आणि माझ्याकडे बोट केलं. मी म्हटलं, ती येणार आहे, पोलीस नको म्हणतेय. मग अध्यक्षांनी कागद फाईलमध्ये ठेवला नि पोलिसांचा विषय तिथेच संपवला.

मावशीने तुझ्या बसची वेळ कळवली. शुक्रवारी दुपारी दोन. तू मावशीकडे उतरणार असंही तिने सांगितलं. तुझी मर्जी. पण आईने मागच्या खोलीतली पेटी हलवून खाट रिकामी केलीय. विचारलं तर म्हणते, झाडायला काढली होती.

मी स्टँडवर येणार आहे. येऊ नकोस म्हणालीस तरी येणार, हे पत्र पोचल्यावर तुला उलट कळवायला वेळही नाही. तुला काय काय बोलायचंय ते मनात ठरवून ये, विसरू नकोस, आणि मला बरं वाटावं म्हणून काही गाळू नकोस. रस्त्यातच सुरुवात केलीस तरी चालेल. बॅग मात्र माझ्याकडे दे.

वाट बघते.